नाताळची मनीऑर्डर

मालवणात २६ डिसेंबरला खोली मिळत नाही आणि २६ जूनला गिऱ्हाईक मिळत नाही. किनाऱ्यावरच्या पर्यटनाचा खरा प्रश्न या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी आहे. आपण मात्र दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भलतंच बोलत असतो. वाळूत सापडलेल्या बाटल्या, तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर तुंबलेल्या गाड्या, भरतीच्या पाण्यात रुतलेली एखाद्या उत्साही माणसाची एसयूव्ही, हे सगळं छायाचित्रांसह छापून येतं आणि पर्यटकांना शिस्त कशी लावावी यावर चार दिवस प्रवचनं होतात. शिस्त लागलीच पाहिजे. पण उद्या सगळेच्या सगळे पर्यटक शहाण्यासारखे वागू लागले, एकानेही कागदाचा कपटा टाकला नाही, तरी देवबागेतल्या विहिरी त्या दहा दिवसांत जितक्या उपसल्या जातात तितक्याच उपसल्या जातील.

देवबाग डोळ्यांसमोर आणून पाहा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि दोहोंच्या मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहिरीतून बेताने पाणी काढलं तर गोडं लागतं, पंप लावून ओरबाडलं तर खालचं खारं वर सरकतं. हे किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. मालवणसमोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला, आणि चहूकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आजही आहेत. किल्ला बांधणाऱ्यांनी बेटावर माणसं किती आणि पाणी किती याचा हिशेब नक्कीच मांडला असणार. त्यांच्या समोरच्या किनाऱ्यावर आपण प्रत्येक खोलीला शॉवर आणि गीझर देतो, शोषखड्डे त्याच वाळूत खणतो आणि तो हिशेब देवावर सोडतो.

हे असं का झालं, याचं उत्तर शोधायला थोडं मागे, म्हणजे मुंबईच्या गिरणगावात जावं लागतं.

रत्नागिरी जिल्हा (सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ ला वेगळा झाला) अनेक दशकं मनीऑर्डरवर जगला. घरातला कर्ता पुरुष परळ-लालबागच्या गिरणीत, राहायला गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, जेवायला खानावळीत. आणि महिन्याच्या महिन्याला गावच्या पोस्टात त्याचे पैसे. मनीऑर्डरने माणसं तोडली, गावं म्हातारी केली, बायकांच्या अंगावर शेती, गुरं आणि सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं एकदम टाकलं. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिचा एक गुण होता. ती दरमहा येत असे. आषाढातही येत असे आणि माघातही. घरातली मीठमिरची, दुकानदाराची उधारी, पोरांची फी, सगळं त्या महिन्याच्या लयीवर बेतलेलं असे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. मनीऑर्डर आटली. पुढे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली. या घटना एकापाठोपाठ एक मांडल्या की एक गोष्ट दिसते. पूर्वी कोकणचा माणूस मुंबईला जात असे आणि पैसा पोस्टाने येत असे. आता मुंबईचा माणूस पैसा खिशात घेऊन स्वतःच येतो. घराच्या मागच्या पडवीत दोन खोल्या काढायच्या, सरकारी निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करायची, सकाळी घावणे-चटणी आणि दुपारी मासळीची थाळी द्यायची. मुलगा बोट चालवतो, सून स्वयंपाकघर सांभाळते, घर भरलेलं राहतं. मनीऑर्डरच्या अर्थव्यवस्थेपेक्षा ही व्यवस्था माणुसकीला धरून आहे हे मी निःशंकपणे म्हणेन. ज्यांना यात नुसतं बाजारीकरण दिसतं, त्यांनी बापाला वर्षातून दोनदा पाहणाऱ्या पिढीशी एकदा बोलावं.

फक्त ही नवी मनीऑर्डर दरमहा येत नाही. थोडी दिवाळीत येते, थोडी मे महिन्यात, आणि तिचा सगळ्यात जाड गठ्ठा २३ डिसेंबर ते १ जानेवारी या दहा दिवसांत येऊन पडतो.

हे दहा दिवस कुणी ठरवले? मालवणने नक्कीच नाही. कोकणच्या चाकरमान्याचं वर्ष गणपती, शिमगा आणि मे महिना अशा तीन खुंट्यांवर टांगलेलं असतं. तिन्ही वेळा तो स्वतःच्या घरी येतो, आणि तिन्ही वेळा त्याच्यामागे काहीतरी कर्तव्य असतं: आरतीला उभं राहायचं, पालखीला खांदा द्यायचा, आंबे उतरवायचे, भाऊबंदांशी जमिनीवरून भांडायचं. शहरातल्या मराठी मध्यमवर्गाच्या इतर सुट्ट्याही अशाच जडभारी. दिवाळीला भाऊबीज असते, मे महिन्यात लग्नं असतात. नाताळात मात्र, वसईपासून सावंतवाडीपर्यंतची ख्रिस्ती कुटुंबं सोडली, तर बाकीच्या मराठी माणसाला कुणाकडे जायचं नसतं, कुणाला बोलवायचं नसतं, काही पुजायचं नसतं. त्याच्या वर्षातली ही एकमेव बिनजबाबदारीची सुट्टी आहे आणि म्हणूनच ती इतकी प्रिय आहे. मला यात काही वाईट वाटत नाही. वर्षभर नातीगोती निभावणाऱ्या माणसाला आठ दिवस कुणाचाही जावई, दीर किंवा काका न होता समुद्राकडे बघत बसावंसं वाटलं, तर तो त्याचा हक्क आहे.

पण ही सुट्टी त्याच्या हातात पडते ती भलत्याच कारणांनी. इंग्रजी माध्यमाच्या शाळा बंद असतात. अनेक कचेऱ्यांत वर्षाअखेर उरलेली रजा वाया जाते, म्हणून ती संपवायची असते. हिंजवडीतल्या कंपन्यांचे अमेरिकेतले आणि युरोपातले ग्राहक त्या आठवड्यात टेबलावर नसतात, त्यामुळे इकडचंही काम मंदावतं. परदेशी असलेली भावंडं त्यांच्या मुलांना सुट्टी म्हणून याच दिवसांत येतात. म्हणजे तारकर्लीतल्या खोलीचा भाव अटलांटिकच्या पलीकडची माणसं कधी सुट्टीवर जातात यावर ठरतो. गिरणीचा भोंगा निदान परळला वाजत असे.

आता अशा दहा दिवसांवर गाव उभं केलं की काय होतं? व्यवसाय करणारा माणूस नेहमी सर्वांत मोठ्या गर्दीच्या मापाने बांधतो. चार खोल्यांत भागत असताना आठ बांधतो, कारण २८ डिसेंबरला बारा जणांना परत पाठवावं लागलेलं असतं. त्यासाठी कर्ज काढतो. त्या कर्जाचा हप्ता मात्र मनीऑर्डरसारखा दरमहा, आषाढातही. मग डिसेंबरचा भाव दुप्पट-तिप्पट होतो, आणि पर्यटक चिडून म्हणतो की कोकणातली माणसं लुटायला लागली. लुटत कुणी नाही. जूनचा हप्ता डिसेंबरमध्ये वसूल होतो आहे, एवढंच. गोड्या पाण्याची, शोषखड्ड्यांची, रस्त्याची, कचरागाडीची मागणीही अशीच दहा दिवसांच्या मापाने फुगते. पण ग्रामपंचायत काही फुगत नाही, तिला बारा महिन्यांच्या घरपट्टीवरच चालायचं असतं.

ताटातही हेच होतं. पर्यटकाला चार मासे ठाऊक: सुरमई, पापलेट, कोळंबी आणि नाइलाज झाला तर बांगडा. त्या आठवड्यात दहा हजार माणसांना सुरमई हवी म्हणून समुद्र काही जास्त सुरमई देत नाही. ती बर्फात घालून दुसऱ्या बंदरांतून येते, आणि समोरच्याच वाळूवर रापणीच्या जाळ्यात आलेले पेडवे, तारल्या, मुडदुशे यांना थाळीत जागा नसते. रापण म्हणजे होडीने किनाऱ्याजवळ अर्धगोलात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसं लावून ते वाळूवर ओढायचं. तिच्यात वाटेकरी पुष्कळ, यंत्र जवळजवळ नाही. तिला मोकळा किनारा लागतो. त्याच किनाऱ्यावर याच दिवसांत जेट-स्की आणि बनाना राइडच्या बोटी फिरतात. यंत्रबोटींतून मोठी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांशी पारंपरिक मच्छीमारांचा झगडा इतका पेटला की २०१६ साली राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. रापणकर आणि जलक्रीडावाले यांचा झगडा तसा पेटत नाही, याचं कारण सरळ आहे. पुष्कळदा दोघे एकाच घरातले असतात.

आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. डिसेंबर हा सिंधुदुर्गातला रिकामा महिना नाही. तो सर्वांत भरलेल्या महिन्यांपैकी एक आहे. हापूसला मोहोर येतो आणि बागायतदार फवारणीच्या धावपळीत असतो. सकाळी जमिनीकडून मतलई सुटते, दुपारी समुद्राकडून वारा येतो, मासेमारीला हवा चांगली असते. आणि कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर अशा दशावतारी मंडळ्या आपले पेटारे घेऊन रोज नव्या गावात उतरतात. देवळासमोर रात्री उशिरा नाटक उभं राहतं. लिहिलेली संहिता नाही, नटाने स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायचा, आख्यान कुठलं ते ठरलं की संवाद जागच्या जागी जुळवायचे. पहाटे दहीकाला होऊन सगळं संपतं. इथून दोन-चार किलोमीटरवर किनाऱ्यावर त्याच रात्री डीजे लागलेला असतो, आणि तिथे नाचणाऱ्या पुणेकराला शेजारच्या गावात राजा आणि राक्षस तलवारी परजून उभे आहेत याचा पत्ताही नसतो. त्याला तो कुणी सांगतही नाही. घरमालकालाच जत्रेला जायला वेळ नसतो. त्याच्याकडे पाहुणे आहेत.

गोव्यात हाच पेच अधिक बोचरा आहे, कारण तिथे नाताळ हा यजमानाचाच सण आहे. घरासमोर गोठ्याचा देखावा करायचा, कागदाचा तारा टांगायचा, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचं ताट शेजारच्या हिंदू घरात पोचवायचं, आणि २४ तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळ्यांनी मिळून जायचं. कांदोळी-कळंगुट-बागा या पट्ट्यात हॉटेलात किंवा शॅकमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती गोवेकराला वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या रात्री सर्वांत जास्त टेबलं सांभाळावी लागतात. लाखो लोक ‘गोव्याचा नाताळ’ पाहायला येतात, आणि तो साजरा करणारा माणूस त्यांच्यासाठी फेणी ओतत उभा असतो. २००७ साली कांदोळीला सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा तोही डिसेंबरच्या याच अखेरच्या आठवड्यात बसवला गेला. आधीच ओसंडणाऱ्या भांड्यात आणखी एक तांब्या. इकडे देवबागेत आणि मालवणातही ख्रिस्ती मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. २००५ पासून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला आहे. पण नाताळच्या सुट्टीत आलेल्या पर्यटकाने इथला नाताळ कसा असतो असं कुणाला विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

यावर दोन तऱ्हेचे लोक दोन तऱ्हेची उत्तरं देतात. पहिले म्हणतात, पर्यटनच नको. कोकणाची शांतता जपा. हे बहुधा ज्यांची पेन्शन दरमहा येते ते म्हणतात, म्हणून तिकडे फार लक्ष द्यायला नको. दुसरे म्हणतात, सोयी वाढवा: रस्ता, विमानतळ, मोठी हॉटेलं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललेलं आहे, चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, सीमेपलीकडे गोव्यात मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये. सोयी हव्यातच, इथल्या रुग्णाला आणि विद्यार्थ्यालाही त्या हव्यात. पण गर्दीच्या आठवड्यासाठी रुंद केलेला रस्ता तो आठवडा आणखी गर्दीचा करतो. जूनमधला रिकामा पलंग त्याने भरत नाही.

माझं म्हणणं असं की गाठ कॅलेंडरमध्ये पडली आहे आणि ती तिथेच सोडवावी लागेल. हे ऐकून हसू येईल, पण जर्मनीत राज्याराज्यांच्या शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम पुढेमागे ठेवल्या जातात. फ्रान्सने देशाचे तीन विभाग करून हिवाळी आणि वसंतातल्या सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना विभागल्या आहेत. हेतू हाच, की अख्खा देश एकाच शनिवारी रस्त्यावर येऊ नये. आपल्याकडे याची सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे एका राज्यात दोन वेळापत्रकं चालतात आणि त्याने कुणाचं आभाळ कोसळलेलं नाही. वर्षभरातल्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांच्या वर जाऊ न देता, उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस कापून ते गणेशोत्सवात किंवा नाताळात घेण्याची मुभा शिक्षण खात्याच्या परिपत्रकांनी शाळांना दिलेली आहे. ही मुभा नाताळापुरती का असावी? पुण्यातल्या शाळांनी जानेवारीचा तिसरा आठवडा घ्यावा, नाशिकच्या शाळांनी फेब्रुवारीचा दुसरा. समुद्र तेव्हाही तितकाच निळा असतो आणि हवा डिसेंबरइतकीच सुखाची. कचेऱ्यांनीही उरलेली रजा मार्चअखेर चालेल एवढं केलं तरी पुष्कळ.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे नाताळच्या गाडीसाठी ऑक्टोबरअखेर, बहुतेकदा दिवाळीच्या आसपास, सकाळी आठला सगळा मराठी मध्यमवर्ग एकाच संकेतस्थळावर तुटून पडतो. या झुंबडीत स्वतःची इच्छा किती आणि सगळे जातात म्हणून जाणं किती, हे प्रत्येकाने आपापलं तपासावं.

वेगळ्या कॅलेंडरवर पर्यटन चालतं का, याचं उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने दिलेलं आहे. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे जपली जातात आणि फेब्रुवारीच्या सुमारापासून एप्रिलपर्यंत पिल्लं समुद्रात सोडली जातात. ती पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. पिल्लं कोणत्या दिवशी निघतील याची हमी कुणी देत नाही, त्यामुळे माणसंही काही आठवड्यांत आपोआप विभागून येतात. तिथेही शनिवार-रविवारी झुंबड होते, तक्रारी होतात. वेळास म्हणजे स्वर्ग नव्हे. पण तिथे हंगाम कासवाने ठरवला आहे, बाहेरच्या कुणी नाही. मालवणात हाच मान मोहोराला, रापणीला, जत्रेला का मिळू नये? दशावताराच्या जत्रांची तारीखवार यादी निवास-न्याहारीच्या प्रत्येक खोलीत टांगली, तरी जानेवारीतले काही दिवस भरतील.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. समजा एकाकडे सहा खोल्या आहेत. नाताळच्या दहा दिवसांत त्या रोज पाच हजारांनी गेल्या तर तीन लाख रुपये होतात. हेच तीन लाख दोन हजारांच्या भावाने मिळवायचे तर सहाही खोल्या पंचवीस दिवस भरलेल्या हव्यात. पंचवीस दिवसांचा स्वयंपाक, पंचवीस दिवसांच्या चादरी, आणि तेवढे दिवस घरात परकी माणसं. ‘औंदा सीझन बरो गेलो’ म्हणणारी घरची बाई एवढं काम अंगावर घ्यायला सहज तयार होईल असं मला वाटत नाही. दहा दिवस मरमर करून नंतर घर पुन्हा आपलं होतं, हे तिला या हंगामाचं मोठं सुख आहे, आणि शहरात बसून सुट्ट्यांची वेळापत्रकं मांडणाऱ्या माझ्यासारख्याने ते विचारात घेतलेलं नसतं. तेव्हा पर्यटक वर्षभर पसरवायचा म्हणजे नेमका किती पसरवायचा, हा आकडा मंत्रालयात किंवा पर्यटन महामंडळात न ठरता वाडीवाडीत, त्या बाईला विचारून ठरायला हवा. एखादी वाडी म्हणेल, फेब्रुवारीपर्यंत चालेल, मार्चमध्ये आंबा आहे. दुसरी म्हणेल, जत्रेच्या चार दिवसांत खोल्या बंद. तिसरी कदाचित म्हणेल, आम्हाला आमचे दहा दिवसच बरे, फक्त विहिरीवर मीटर बसवा आणि आठवी खोली बांधायला कर्ज देऊ नका.